टाइमकोड लावलाय म्हणे!

"टाइमकोड लावलाय ना?" "हो हो, केबल जोडलीये." अरे, टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा, ज्यावरून एडिटमध्ये सगळी रेकॉर्डिंग्ज एकमेकांशी जुळवतात. नुसती केबल जोडली म्हणजे झालं? सॉफ्टवेअरमध्ये सोर्स अजून 'इंटर्नल'वरच आहे, तो कोण बदलणार? स्क्रीनवर आकडे पळताना दिसले की सगळे खूश. पळतंय ते कॉम्प्युटरचं घड्याळ, टाइमकोड पुरवणाऱ्या जनरेटरचं नव्हे!

बरं, बदलला सोर्स. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स? जनरेटर २९.९७ नॉन-ड्रॉपवर आणि प्रोजेक्ट ड्रॉप-फ्रेमवर. नॉन-ड्रॉप एकही आकडा गाळत नाही; ड्रॉप-फ्रेम मात्र दर मिनिटाला मोजणीतले दोन आकडे (चित्रं नव्हेत) गाळतं, फक्त दर दहावं मिनिट सोडून. म्हणजे तासाला १०८ फ्रेम-आकड्यांचा, ३.६ सेकंदांचा फरक. तीन तासांच्या कार्यक्रमात जवळजवळ ११ सेकंदांची बोंब! आणि वर एडिटला बसल्यावर निरागस प्रश्न, "सिंक का होत नाहीये?"

एलटीसी, म्हणजे आवाजाच्या सिग्नलच्या रूपातला टाइमकोड, ऑडिओच्या तारेतून येतो, मान्य. पण ते गाणं आहे का, ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) आणि नॉइज रिडक्शन लावायला? लाइन लेव्हलचा जोरदार सिग्नल नाजूक माइक इनपुटमध्ये कोंबला की तो क्लिप होतो, म्हणजे वरचा भाग कापला जाऊन बिघडतो. मग सॉफ्टवेअर वाचणार काय, कपाळ? तोच चॅनल प्रोग्रॅम मिक्समध्ये, म्हणजे प्रेक्षकांना ऐकू जाणाऱ्या आवाजात, सोडणारे महाभाग तर वेगळेच. ऐका आता किर्रर्र!

कॅमेरा 'रेक रन'वर असेल तर रेकॉर्डिंग थांबलं की आकडेही थांबतात. आकडे सतत पळते ठेवणारं फ्री रन कशासाठी दिलंय? आणि सकाळी एकदा जॅम केलं, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ जनरेटरशी जुळवलं, केबल काढली, की संध्याकाळपर्यंत निर्धास्त! घड्याळं सरकतात हो. मधल्या सुट्टीत पुन्हा जॅम करायला असा कितीसा वेळ लागतो?