म्यूट केल्याने फक्त आवाज जातो

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सततच्या मेसेजेसच्या तापावर एक लेख वाचला. ‘ग्रुप म्यूट करा, निम्मा ताप कमी’ हा त्यातला सल्ला अर्धवट आहे. म्यूट केलेला ग्रुप नवा मेसेज आला की यादीत वर येऊन बसतोच, आणि बोट आपसूक तिकडे जातं. तो अर्काइव्ह करा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला ठेवा. सेटिंग्जमध्ये चॅट्सखाली ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू आहे ना, तेही बघा. बंद असेल तर पहिल्याच ‘शुभ सकाळ’ला ग्रुप परत वर. कुणी तुम्हाला @ लावून विचारलं तर सूचना तरीही येते, त्यामुळे कामाचं चुकेल ही भीती फारशी खरी नाही.

ऑटो-डाउनलोडचा, म्हणजे फोटो-व्हिडिओ आपोआप फोनमध्ये उतरण्याचा, तर लेखात उल्लेखच नाही! लोक मोबाइल डेटाखालच्या टिक काढतात आणि वाय-फायखालच्या विसरतात. मग घरी पोचताच गॅलरी पुन्हा फुलांच्या फोटोंनी भरते.