शेन्झेनमध्ये भाषेवरून भांडण का होत नाही

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय २०२५च्या जूनअखेरीस मागे घेतला गेला, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. तेव्हापासून शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परप्रांतीयांचा विषय निघाला की डोंबिवलीचा एक मित्र, मी चीनमधल्या शेन्झेन शहरात राहतो म्हणून, मला मध्ये ओढतो: ‘तुझ्या शेन्झेनकडे बघ. सगळे बाहेरचे, तरी कुणी कुणाला भाषा विचारत नाही.’ हे अर्धंच खरं आहे.

१९८० मध्ये इथं विशेष आर्थिक क्षेत्र झालं, तेव्हा हाँगकाँगच्या सीमेलगतच्या या भागाची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. २०२०च्या जनगणनेत ती १ कोटी ७५ लाखांवर गेली. म्हणजे जवळजवळ सगळं शहरच हुनान, सिच्वान, हुबेईतून आणि ग्वांगडोंग या शेन्झेनच्याच प्रांताच्या इतर जिल्ह्यांतून आलेलं. शहराला चव दिली ती या लोकांनी. मी राहतो त्या जुन्या वस्तीत इमारती इतक्या खेटून आहेत की समोरच्या घरातला मिरचीचा ठसका आपल्याला लागतो. गल्लीच्या तोंडाशी छाओशानच्या माणसाचं बीफ हॉटपॉटचं दुकान आहे. तो काचेआड उभा राहून मांस हातानं कापतो, मानेचं वेगळं, मांडीचं वेगळं. पलीकडे छिंगहायच्या मुस्लिम कुटुंबाचं लान्चौ नूडल्सचं दुकान. मधे एका हुनानी बाईंची खानावळ. तिथं माशाचं डोकं मिळतं, वर मिठात मुरवलेल्या लाल मिरचीचा जाड थर. ग्वांगडोंगच्या मूळ जेवणात तिखट जवळपास नसतंच, पण इथं वाढलेली पोरं आता हेच आवडीनं खातात. साताऱ्या-रत्नागिरीहून आलेल्या गिरणी कामगारांनी आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी गिरणगाव असाच घडवला होता. गणपतीला चाकरमानी कोकणात जातात, तसं चिनी नववर्षाला हे शहर गावी जातं.

भाषेचं मात्र वेगळं आहे. इथं वाद नाही, कारण निकाल सरकारनं कधीच लावून टाकलाय: शाळेत आणि कचेरीत मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा. त्या खानावळीत मालकीणबाईंची नात कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करत बसते. आजी हुनानच्या बोलीत बोलते, नात मँडरिनमध्ये उत्तर देते. कँटनीज आणि हक्का या इथल्या मूळच्या भाषा बोलणाऱ्यांच्या घरांतही मला हेच ऐकू येतं. शेजारच्या ग्वांगचौमध्ये २०१० साली शहराच्या टीव्ही वाहिनीवर कँटनीजऐवजी मँडरिन आणण्याची सूचना आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांचा राग त्या सूचनेवर होता, आणि ते बरोबर होतं. ऐंशीच्या दशकात तिथं आलेले बाहेरचे लोक व्यापारासाठी, हाँगकाँगची मालिका समजावी म्हणून, आपणहून कँटनीज शिकत होते. कँटनीजची जागा आक्रसली ती बाहेरच्यांमुळे नाही, मँडरिनच्या शाळेमुळे.

शिवाय इथली शांतता स्वस्त नाही. ‘हुकौ’ म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद. ती शेन्झेनची असलेले लोक २०२०च्या जनगणनेच्या वेळी जेमतेम एक तृतीयांश होते. ती नसेल तर मुलाच्या सरकारी शाळेतल्या प्रवेशासाठी घर आणि सामाजिक विम्याची वर्षं असं गुणांचं गणित जुळवावं लागतं. ते जुळलं नाही की मूल आजी-आजोबांकडे गावी. अशी व्यवस्था मला महाराष्ट्रात नको आहे, आणि मित्रानंही ती मागू नये.

मराठीचा आग्रह मला मनापासून पटतो. पण मीरा रोडच्या दुकानदाराला कानाखाली मारून मराठी एका घरातही वाढत नाही. पुण्या-मुंबईच्या महापालिकांच्या मराठी शाळांत आज उत्तर प्रदेश, कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुलं बसतात, मराठीत पाढे म्हणतात. आणि पट कमी म्हणून याच शाळा एकेक करून बंद होतायत. वरळीला जमलेल्या गर्दीनं प्रत्येक बंद होणाऱ्या शाळेच्या दारात उभं राहावं, वर्ग भरवायला लावावेत, आणि भय्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसाला सांगावं की पोराला इथंच घाल, शिक्षक आम्ही मिळवून देतो.