बसायच्या दिवशी गोळी नको? उलट त्या दिवशी तर चुकवूच नका

गटारी जवळ आली की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर गप्प बसवेना. मेसेज असाय की एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी-सी असलेल्यांनी दारू घ्यायची असेल त्या दिवशी गोळी घेऊ नये, दोन्ही एकत्र गेलं की लिव्हर फेल होतं. पुढे लिहिलंय की दारू म्हणजे अल्कोहोलच, सॅनिटायझरसारखा आतला व्हायरस मारते. बिअर चालते, फक्त हार्ड नको. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, नॉर्मल असेल तर बिनधास्त. आणि शेवटी, सरकारी सेंटरवर पिणाऱ्याचं औषध बंद करतात म्हणून तिथं काही सांगायचं नाही.

माझा मोठा भाऊ अकरा वर्षं पॉझिटिव्ह आहे. त्याला विचारूनच लिहितेय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे कारण तो काळजीच्या भाषेत सांगितलाय. एचआयव्हीच्या सरकारी सेंटरवर आता बहुतेकांना टीएलडी मिळते, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा. यातली पहिली दोन मुख्यतः किडनीवाटे बाहेर जातात, तिसरं लिव्हरमध्ये मोडतं पण दारू ज्या एन्झाइमने मोडते त्याने नाही. म्हणजे गोळी आणि पेग एकत्र झाले म्हणून विष तयार होतं असं काही नाहीये. अबॅकॅव्हिर नावाच्या औषधाचं प्रमाण दारूमुळे रक्तात थोडं वाढतं, पण त्यासाठीसुद्धा डोस चुकवा असं सांगत नाहीत.

दादाचं काय झालं ते सांगते. शुक्रवारी कंपनी सुटली की मित्रांबरोबर बसायचं, शनिवारी परत, रविवारी दुपारी उरलेलं, आणि या तिन्ही दिवशी गोळी नाही कारण "आज बसायचंय". महिन्याचे बारा दिवस गेले की हो! वर्षानुवर्षं रिपोर्टमध्ये व्हायरस सापडत नव्हता आणि एके वर्षी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, हजाराच्या वर गेला. मग सेंटरवर तीन महिने कौन्सिलिंग. मॅडमनी विचारलं गोळी चुकते का, तर हा म्हणाला नाही, आणि तो मुद्दाम खोटं बोलत नव्हता, त्याच्या मते तो चुकवत नव्हता तर लिव्हर सांभाळत होता. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. व्हायरल लोड वाढला की प्रतिकारशक्ती खाली येते, व्हायरस औषधाला दाद न देणारा होऊ शकतो, आणि लोड सापडत नसताना जोडीदाराला लागण होत नाही हा जो मोठा दिलासा असतो तो पण जातो.

आता यातली अजून एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला माहितीच नसणार. काहींना एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी पण असतो आणि टीएलडीमधली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्यालाही दाबून ठेवतात. गोळी बंद झाली तर तो उसळतो आणि लिव्हरला जबरदस्त सूज येऊ शकते, म्हणजे ज्या लिव्हरसाठी गोळी टाळली त्याच लिव्हरवर घाव.

एक खरं सांगायला पाहिजे. टीबीची औषधं चालू असतील, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, तर ती लिव्हरला जड असतात आणि रोजची दारू असेल तर धोका नक्की वाढतो. पॉझिटिव्ह लोकांना टीबी होऊ नये म्हणून पण आयसोनियाझिड देतात. तिथं पिणं बंदच ठेवावं आणि पीत असाल तर डॉक्टरला स्पष्ट सांगावं, पण मनाने गोळी बंद करायची तिथंही नाही.

सॅनिटायझरचं तर गणितच करून बघा. हातावर व्हायरस मारायला ६० ते ८० टक्के अल्कोहोल लागतं. गाडी चालवताना पकडतात ती रक्तातली मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, आणि ०.४ टक्क्याच्या आसपास माणूस श्वास बंद पडून मरू शकतो. व्हायरस मरायच्या कितीतरी आधी माणूस जाईल. आणि हे व्हायरस पोटात नसतात, पेशींच्या आत बसलेले असतात.

बिअर चालते म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा आकडा वाचावा. ८ टक्केवाली ६५० मिलीची स्ट्राँग म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १३ मिली असतं. एक बाटली म्हणजे चार पेग. दोन बाटल्या झाल्या तर क्वार्टरपेक्षा जास्त, आणि लिव्हरला ते बिअरमधून आलं का व्हिस्कीतून ते कळत नाही.

एसजीपीटी नॉर्मल असून लिव्हर आतून कडक झालेलं असू शकतं, त्यासाठी प्लेटलेट, सोनोग्राफी, लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन असं बघावं लागतं. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही लिव्हरवर व्रण करतात, दारू पण करते, एकत्र असले की सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून निकामी होत जाणं, वर्षानुवर्षं आधी गाठतो. कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या जागतिक यादीत पहिल्या गटात दारू १९८८ पासून आणि हे दोन्ही व्हायरस १९९४ पासून आहेत. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा १२ आठवड्यांत पूर्ण बरा होतो, पण आधी झालेला व्रण राहिलेला असेल तर त्याच्यावर पुढची दारू काम करतच राहते.

शेवटचा मुद्दा. पिणाऱ्याचं औषध बंद करायचं असा नियम नाही. हिपॅटायटिसची औषधं २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात, एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, २००४ पासून मोफत आहे. पण लोक लपवतात त्याला कारण आहे, दादाला एका ठिकाणी भर रांगेत "पिताय आणि वर फुकट औषध पण पाहिजे" असं ऐकवलं होतं, त्यानंतर तो दोन वर्षं तोंड उघडत नव्हता. असं बोलणाऱ्यांना हात जोडून सांगते, तुमच्या एका वाक्याने माणूस खरं सांगायचा थांबतो.

आणि घरच्यांनो, रोज सकाळपासून पिणारा असेल, हात थरथरत असतील, तर एकदम बंद करायला लावू नका, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवा. आपल्या पुण्यात येरवड्याला मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस गटाच्या मीटिंगा फुकट असतात, व्यसनासाठी १४४४६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे नंबर आहेत.

दादाची पूर्ण सुटलेली नाही अजून. शुक्रवार राहिलाय, शनिवार-रविवार गेलाय. पण गोळी रात्रीची काढून सकाळी आठला केली, चहाच्या आधी, बसायच्या वेळेशी तिचा संबंधच ठेवला नाही, आणि नंतरच्या टेस्टमध्ये व्हायरस परत सापडला नाही. गटारीच्या दिवशी पण आठलाच घेणारे, मी फोन करून विचारणारे.