जागतिक महासंघ काढताय? मग थोडं ऐका

एखादा देशी खेळ तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर तो खेळत बसू नका. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ काढा. खेळणाऱ्याचे गुडघे सोलवटतात. महासंघवाल्याचा फार तर ब्लेझर चुरगळतो, आणि तोही विमानात.

तुम्ही म्हणाल, खेळ आमच्या एकाच देशात खेळतात, मग आंतरराष्ट्रीय कसं व्हायचं? कॉर्फबॉलवाल्यांना विचारा. १९०२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका शाळामास्तरांनी हा खेळ काढला. एका संघात चार मुली, चार मुलगे, चेंडू टाकायला साडेतीन मीटर उंचीवर टोपली, मागे फळी नाही. १९३३ साली अँटवर्पला त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, तेव्हा मांडवात देश होते दोन: नेदरलँड्स आणि शेजारचा बेल्जियम. सांगलीने मिरजेला हाताशी धरून विश्वसंघ काढावा, तसं. पण काढला ना? १९७८पासून ते जागतिक अजिंक्यपद भरवतात आणि २०२३पर्यंत प्रत्येक वेळी नेदरलँड्सच जिंकलं. फक्त १९९१ला बेल्जियमने आगाऊपणा केला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळायला १९९३ उजाडलं. म्हणजे साठ वर्षं पत्रं लिहायची तयारी हवी. मुलाला आत्तापासूनच चिटणीस करून ठेवा.

आता आपल्या खो-खोकडे या. खो-खोलाही आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, आणि तुम्हाला गिरवायला याहून चांगला कित्ता मिळणार नाही. राष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष शक्यतो एकच ठेवा. पोस्टेज वाचतं, आणि ठरावाला अनुमोदन मिळायला उशीर होत नाही.

मग इतिहास शोधा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेलं आणि तिथे त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्या काळात विदर्भातून बोटीने जर्मनी गाठायची, ही खरोखर मोठी गोष्ट होती. पण तुम्ही ती तशी सांगू नका. 'प्रात्यक्षिक' हा शब्द प्रसिद्धीपत्रकात हळूहळू बारीक करत न्या आणि शेवटी 'आपला खेळ ऑलिंपिकमध्ये होता' एवढंच ठेवा. कॉर्फबॉलनेही १९२०ला अँटवर्पला आणि १९२८ला अ‍ॅमस्टरडॅमला प्रात्यक्षिक दाखवलंय. तेही घरच्याच अंगणात. रस्सीखेच मात्र १९०० ते १९२० पाच वेळा खरोखरीची पदकं देऊन बाहेर पडली. तिचं नाव काढू नका, सभासद देश खचतात.

आता झेंडे. एके काळी उन्हाळी ऑलिंपिकच्या नियमावलीत पुरुषांच्या खेळाला चार खंडांतले ७५ देश आणि महिलांच्या खेळाला तीन खंडांतले ४० देश अशी अट होती. अट गेली, हिशेबाची सवय राहिली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ होते. ब्राझील, पेरू, घाना, पोलंड, न्यूझीलंड! जगाच्या नकाशात टाचण्या खुपसायला याहून बरी यादी सापडायची नाही. महिलांच्या सलामीच्या सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. असा निकाल लागला की लाजायचं नाही, 'खेळाचा प्रसार होतोय' म्हणायचं. (त्या कोरियन मुली शेवटच्या शिट्टीपर्यंत धावत होत्या. माझ्या हातात असतं तर पहिलं पदक त्यांना दिलं असतं.)

प्रसारानंतर सुधारणा. खो-खोचा जीव कशात आहे ते आधी नीट पाहून घ्या. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारा मात्र मोकळा. तो बसलेल्या दोघांच्या फटीतून पलीकडे सटकतो, आणि पाठलाग करणाऱ्याला हातभर अंतरावर आलेली शिकार सोडून बसलेल्या साथीदाराच्या पाठीवर थाप मारून त्याला उठवावं लागतं. खुंटाजवळ तर पळणारा नुसती कंबर इकडची तिकडे करतो आणि मागचा तोंडावर मातीत. सगळी गंमत या एका बंधनात आहे. ते सापडलं? छान. आता त्यातून एकाला सूट द्या, त्याला वेगळी जर्सी चढवा आणि 'वजीर' म्हणा. तो हव्या त्या बाजूला पळू शकतो. नऊऐवजी सात जण घ्या. पळणारे बराच वेळ टिकले की पूर्वी मैदानाकडेचे म्हातारे मनगटातल्या घड्याळाकडे बघून मान डोलवायचे. आता 'ड्रीम रन'चा गुण देऊन निवेदकाला ओरडायला लावा. खरं सांगायचं तर टीव्हीवर बघायला मजा येते. पण हे कबूल करू नका, जुने खेळाडू बोलणं टाकतात.

मातीचं काय? माती काढा. संध्याकाळी मैदानावर पाणी मारणं, फक्कीने पाट्या आखणं, सूर मारून उठलेल्या पोराच्या कोपराला चिकटलेले खडे काढणं, हे सगळं कॅमेऱ्याला बरं दिसत नाही. मॅट अंथरा. जिल्हा परिषदेच्या शाळेला मॅट परवडत नाही, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवरचा नसल्यामुळे तुमच्या अखत्यारीत येत नाही. शाळेतली पोरं मातीत शिकतील आणि निवड चाचणीला आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर घसरतील. निवड समितीलाही काहीतरी काम नको का?

फक्त मॅट अंथरताना हॉकी आठवा. १९७६ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर आली आणि गवतावरचे आपले उस्ताद सातवे आले. खेळ जगाचा झाला की जग तो जिंकायलाही लागतं, ही या धंद्यातली एकमेव खरी जोखीम. सध्या काळजी नाही. दिल्लीत दोन्ही चषक घरातच राहिले, दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. अंतिम सामन्यांत समोर दोन्हीकडे नेपाळ होतं: पुरुष ५४-३६, महिला ७८-४०.

तरीही नेपाळवर डोळा ठेवा. पुरुषांच्या सलामीच्या सामन्यात त्यांनी आपल्याला ४२-३७पर्यंत आणलं होतं. म्हणून प्रशिक्षक परदेशी पाठवायची वेळ आली, तर तो पेरूला पाठवा.