‘राहायला लागा, घरपट्टी आपोआप कमी होते’ हा निरोप पुढे पाठवू नका

व्हॉट्सॲपवर सध्या एक निरोप फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला. त्यातल्या एका ग्रुपवर आमच्या थोरल्या आतेभावानेच ‘सगळ्यांनी जपून ठेवा’ म्हणून टाकला होता. मजकूर थोडक्यात असा: दुकान, ऑफिस किंवा गाळ्याचं घर करायचं असेल तर नुसतं राहायला लागा आणि वीजमीटर घरगुती करून घ्या, महापालिका घरपट्टी आपोआप निवासी दराने लावते. बाहेरून बांधकाम नसेल तर परवानगी लागत नाही. काम चालू असेपर्यंत कर माफ असतो. ५०० फुटांच्या आतल्या घराला करच नाही. आणि निवासी कराची पावती हातात आली की घर कायदेशीर झालं.

यातलं पहिलं वाक्य आम्हीही खरं धरून चाललो होतो आणि त्यापायी जादा कर भरून बसलो. म्हणून हे लिहितो आहे. मी सांगतो ते मुख्यतः मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांना लागू आहे, जिथे १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम चालतो. मुंबईचा कायदा १८८८ चा, नगरपालिकांचा १९६५ चा. निरोप लिहिणाऱ्याने हा फरकसुद्धा केलेला नाही.

आता ते ‘आपोआप’.

वडिलांनी बांधलेल्या आमच्या दुमजली घराचा तळमजला बरीच वर्षं एका पतसंस्थेकडे भाड्याने होता. संस्थेने जागा सोडली आणि धाकटा भाऊ बायकामुलांसह तिथे राहायला आला. काउंटर निघाला, ओटा आला, वीजजोडणी घरगुती झाली. आम्ही निश्चिंत. घरपट्टीचं बिल मात्र पूर्वीसारखंच बिगरनिवासी येत राहिलं, आणि बिलावर वापराचा रकाना असतो हे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नाही. चूक आमची होती. कर विभागाला आम्ही एका ओळीने कळवलं नव्हतं.

महापालिका कर लावते तो आकारणी पुस्तकातल्या, म्हणजे तिच्या मिळकतींच्या नोंदवहीतल्या नोंदीवर. बहुतेक महापालिकांत हिशोब करपात्र मूल्यावर चालतो: मिळकत भाड्याने दिली तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरायचं, दुरुस्तीपोटी त्यातले १० टक्के वजा करायचे, उरलेल्या रकमेवर कर. दुकान-ऑफिसचं भाडं घरापेक्षा जास्त धरलं जातं, म्हणून बिगरनिवासी पट्टी जड. ही नोंद बदलायची तर अर्ज, त्यावर जागेची पाहणी, मग फेरआकारणी. महावितरणचं वर्गीकरण निराळं आहे. तिथे एलटी-१ म्हणजे निवासी, एलटी-२ म्हणजे बिगरनिवासी. तिथला बदल पालिकेच्या पुस्तकात जाऊन बसत नाही. घरगुती वीजबिल पाहणीच्या वेळी पुरावा म्हणून कामाला येतं, एवढंच.

खरा फटका बसतो तो तारखेचा. आकारणी पुस्तकातली नोंद वर्षाच्या मध्येही दुरुस्त करता येते. पण कायद्यासोबतच्या कराधान नियमांनुसार तो बदल मागे नेता येतो तो चालू वर्षात ज्या दिवसापासून परिस्थिती बदलली त्या दिवसापर्यंतच, म्हणजे १ एप्रिलच्या पलीकडे नाही. समजा तुम्ही जूनमध्ये राहायला गेलात आणि फेब्रुवारीत अर्ज केलात, तर जूनपासूनचा फरक मागता येतो. तोच अर्ज पुढच्या मे महिन्यात केलात, तर आधीच्या वर्षाचे ते दहा महिने गेले. आमची पुरी दोन वर्षं अशी गेली.

घरपट्टीत काहीही आपोआप होत नाही, याचं पुण्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. मध्ये ती थांबली आणि २०२३ मध्ये परत लागू झाली. तरीही किती तरी लोकांना ती मिळवण्यासाठी ‘पीटी-३’ अर्ज आणि स्वतः राहत असल्याचे पुरावे घेऊन जावं लागलं. जी माणसं आधीपासून घरातच राहत होती, त्यांनाही अर्ज चुकला नाही. मग कालपर्यंत पतसंस्था असलेल्या जागेला कसा चुकेल?

‘बाहेरून बांधकाम नसेल तर परवानगी नको’ हा मुद्दा थोडा जपून तपासायला हवा, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ नुसार फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरत्या कामांना परवानगीतून सूट आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल त्या व्याख्येत बसतो. म्हणजे ओटा घालायला, फरशी बदलायला हरकत नाही, पण दुकानाचं घर करणं हा वापरबदल झाला आणि त्याला मंजुरी लागते. निवासी पट्ट्यात ती मिळायला सहसा अडचण येत नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या गाळ्याचं तसं नाही. तिथे पैसे घालण्याआधी आर्किटेक्टला विचारा.

परवानगी म्हणजे नुसता कागद, असंही समजू नका. पतसंस्थेच्या तिजोरीच्या खोलीला खिडकी नव्हती आणि आम्ही तिथे मुलांना झोपवणार होतो. नकाशा करताना आर्किटेक्टने ते दाखवून दिलं. ती खोली आता सामानाची आहे.

काम चालू असताना कर माफ, हे तर सरळ चूक आहे. भिंती उभ्या आहेत, छप्पर आहे, म्हणजे मिळकत आहे. आत गवंडी असो की गिऱ्हाईक, पट्टी चालूच राहते. जागा रिकामी राहिल्याबद्दल परतावा मागायचा असेल तर त्यासाठीही आधी लेखी सूचना द्यावी लागते. इमारत पूर्ण पाडली तरी ती पाडल्याचं कळवेपर्यंत मालकाची जबाबदारी संपत नाही. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड चढतो. ‘माफ आहे’ म्हणून सहा महिने बिल बाजूला ठेवणाऱ्याला १२ टक्के भुर्दंड बसतो.

५०० फुटांची माफी मुंबईची. २०२२ च्या सुरुवातीपासून तिथल्या ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी सदनिकांना ती मिळते. सांगली-सोलापूरच्या माणसाने त्यावर हिशोब मांडू नये. आणि मुंबईतही नोंद बिगरनिवासी असेल तर जागा कितीही लहान असो, ती माफी मागता येत नाही.

सर्वांत घातक आहे ते पावतीचं वाक्य. महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६७-अ वाचा. बेकायदा बांधकामावरही कर लागतो, वर दरवर्षी कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. (निवासी बांधकामांना २०१७ मध्ये क्षेत्रफळानुसार यात सूट मिळाली.) आणि कायदा तिथेच बजावतो की हा कर किंवा शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असा अर्थ होत नाही. कर विभाग प्रत्यक्ष वापर बघतो, बांधकाम विभाग मंजूर वापर बघतो. एकाची पावती दुसऱ्याकडे चालत नाही. घर विकायला किंवा तारण ठेवायला गेलात की बँकेचा वकील मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) मागतो. आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईंनी साठवलेल्या सगळ्या पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या होत्या. त्याने त्या आदराने परत केल्या, आणि ठरलेला व्यवहार मोडला.

जुन्या वाड्यातल्या लोकांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड असेल तर सगळ्या मिळकतीला दुकानाचा दर सोसण्याचं कारण नाही. भागाभागाची आकारणी वेगळी होऊ शकते. अर्जात दोन्ही भागांची मापं वेगवेगळी द्या आणि पाहणीला माणूस येईल तेव्हा घरी थांबा.

वापरबदलाचा अर्ज आणि कर विभागाचा अर्ज एकाच आठवड्यात द्या, दोन्हींची शिक्क्यासह पोच घ्या. फेरआकारणीची नोटीस आली की तिच्यातल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा. ती फेटाळली गेली तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत अवघी १५ दिवसांची आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते. मी आतेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने ग्रुपवरचा निरोप काढून टाकला, आणि त्याच्या मेव्हण्याच्या गाळ्याचा अर्ज घेऊन आम्ही दोघं सोमवारी वॉर्ड ऑफिसला जाणार आहोत.