काका, अटलजी आणि न बोलावलेलं अधिवेशन

परवा जेवताना आमच्याकडे पुन्हा अटलजींवरून वाजलं. भाच्याने सीमेवरच्या एका बातमीबद्दल साधा प्रश्न विचारला. काका ताडकन म्हणाले, "देशाच्या सुरक्षेवर प्रश्न विचारायचे नसतात. अटलजींचं ग्वाल्हेर आहे हे!"

म्हटलं, काका, आपल्या शिंदे की छावणी मोहल्ल्यातल्या त्या माणसाने नेमकं तेच केलं होतं की. १९६२ मध्ये चिनी फौजा आत घुसलेल्या, लढाई चालू, आणि राज्यसभेतला हा ३७ वर्षांचा खासदार नेहरूंकडे मागणी करतोय, संसद ताबडतोब बोलवा. नेहरूंनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन घेतलं. युद्धबंदीला अजून तेरा दिवस होते! भर युद्धात सरकारचे वाभाडे निघाले.

काका वरणभात कालवत राहिले. मग म्हणाले, "आणि कारगिल?"

कारगिलचीच तर माझी खरी तक्रार आहे. १९९९ मध्ये लोकसभा विसर्जित झालेली, पण राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. विरोधकांनी तिचं अधिवेशन मागितलं. पंतप्रधान अटलजींनी ते घेतलं नाही, सर्वपक्षीय बैठकांवर भागवलं. ज्या सभागृहाचे सदस्य असताना त्यांनी नेहरूंकडे अधिवेशन मागितलं, तेच हे सभागृह. निवडणूक तोंडावर होती, हे कळतं मला. पटत मात्र आजही नाही, आणि मी त्यांना मानणाऱ्यांतला आहे.

मानतो ते का, तेही सांगतो. आपल्याच महाराजपुऱ्याच्या तळावरची मिराज विमानं टायगर हिलवर बॉम्ब टाकून आली, पण ताबारेषा ओलांडायची नाही हा हुकूम त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही. त्या दिवसांत हे सोपं नव्हतं. शहरातून शवपेट्या जाताना लोक काय काय बोलायचे, आठवतंय. लढाई संपल्या संपल्या त्यांनी कारगिलच्या चौकशीसाठी के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली आणि २००० मध्ये तिचा अहवाल संसदेत ठेवला. काही भाग गाळून ठेवला, पण ठेवला. १९६२च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र त्यांच्याही सहा वर्षांत कुलपातच राहिला. मागणारे अटलजी आणि खुर्चीवरचे अटलजी, दोन वेगळी माणसं.

'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याचं तर काका नावच काढत नाहीत. आणीबाणीत 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्या माणसाच्या सरकारने २००२च्या मार्चमध्ये, राज्यसभेने नाकारलेला हा कायदा संयुक्त बैठक बोलावून पास करून घेतला. त्याला पाठिंबा देणारे, तमिळनाडूतल्या मित्रपक्षाचे नेते वायको जुलैत त्याच कायद्याखाली तुरुंगात गेले. तेव्हा 'दुरुपयोग होणार नाही' असं कुठल्याही पक्षाचा खासदार छातीठोकपणे सांगतो, तेव्हा मला वायको आठवतात.

एवढं सगळं मी एका दमात बोललो. काका म्हणाले, "तुला काय कळतंय? आम्ही त्यांच्या सभांना उभे राहिलोय, बाड्यावर, थंडीत."

काकू आतून पोळी घेऊन आल्या. "सभेला उभे होतात, खरंय. पण अहो, चौऱ्याऐंशी साली शिक्का कुणावर मारलात?"

त्या वर्षी ग्वाल्हेरने अटलजींना पाडलं होतं, इथल्या राजघराण्यातल्या, काँग्रेसच्या माधवराव शिंद्यांसमोर. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत 'महाराज' म्हटलं की पक्ष-बिक्ष सगळं विरघळायचं.

काकांनी ताक मागितलं.