बिअर यीस्ट करतं, भांडी मी घासतो

घरी बिअर करायची, असं मी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, “भांडी कोण घासणार?”

मला तो प्रश्न फारच किरकोळ वाटला. मी बोलत होतो माणसाच्या काही हजार वर्षं जुन्या विद्येबद्दल आणि ही पोचली थेट सिंकपाशी. मी उदार मनाने म्हणालो, “मी घासीन.” हे वाक्य आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ताबडतोब वहीत टिपून घेतलं. नाना जन्मभर हिशेबतपासनीस होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी घरात कोणी काही कबूल केलं की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जातो.

(आम्ही राहतो तिथे घरापुरती बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. तुमच्याकडे काय आहे ते तुम्ही आधी बघून घ्या. पुढचं वाचल्यावर कदाचित ती गरज उरणार नाही.)

मला साधी गव्हाची बिअर हवी होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या कन्येला तीत फळ हवं होतं. बायकोला बिअर नको होती, पण फ्रीजरमध्ये चार महिने जागा अडवून बसलेल्या दोन किलो रास्पबेरी तिथून हलायला हव्या होत्या. अशा रीतीने एकमत झालं.

नानांनी जुनी कागदपत्रं काढावीत तसा विषयाचा इतिहास काढला. 1516 साली बव्हेरियात फर्मान निघालं की बिअरमध्ये जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. “म्हणजे गहू घातला हा एक गुन्हा, फळ घातलं हा दुसरा,” नाना म्हणाले. पुढे त्याच बव्हेरियात 1602 मध्ये तिथल्या ड्यूकने गव्हाच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि खजिना भरला, हे वाचल्यावर तर त्यांना त्या राजघराण्याबद्दल व्यावसायिक आदर वाटायला लागला. कन्येला खटकलं ते वेगळंच. त्या फर्मानात यीस्टचं नावच नव्हतं. साखरेचं मद्य करणारा एक जीव त्या पिंपात बसलेला असतो, हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. सगळं काम करायचं आणि कागदावर नाव नाही, याचं मला त्या दिवशी हसू आलं होतं.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली. अडीच किलो गव्हाचं माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), दोन किलो जवाचं, दोन्ही भरडलेलं. ते गरम पाण्यात कालवून तासभर 66 अंशांवर धरून ठेवायचं, म्हणजे धान्यातल्या पिष्टाची साखर होते. पाणी फार तापलं तर बिअर गोडसर आणि जड होते, कमी तापलं तर पातळ आणि कोरडी. नाना थर्मामीटर घेऊन पातेल्याशी बसले आणि दर दोन मिनिटांनी आकडा पुकारू लागले. “सहासष्ट! सहासष्ट! पासष्ट पूर्णांक आठ! अरे, लक्ष कुठाय तुझं?” मी गॅस वाढवायचो. “अडुसष्ट!” मी गॅस बंद करायचो. त्या तासाभरात मी ते बटण जेवढं फिरवलं, तेवढं त्याआधीच्या सगळ्या संसारात फिरवलं नव्हतं.

तासाने पातेल्याचा नळ उघडला. पेलाभर गोड पाणी आलं, मग धार बारीक झाली, मग थेंब, मग काहीच नाही.

गव्हाची मेख इथे आहे. जवाच्या दाण्याला फोलपट असतं. ती फोलपटं तळाशी बसतात आणि त्यांचीच चाळणी होते. गव्हाचा दाणा उघडा. त्याचा होतो लगदा, आणि तो लगदा नळाच्या तोंडाशी बसतो. जाणती माणसं म्हणूनच त्यात मूठ-दोन मुठी भाताची फोलपटं मिसळतात. आम्हीही आणली होती. पिशवी ओट्यावर, माझ्या कोपराजवळ, न उघडलेली होती.

मी नळाला नळी लावून जोरात फुंकर मारली. पातेल्यात आतून “बळ्ळक” असा आवाज झाला आणि कन्या किंचाळली. माणसाच्या तोंडात किती जातींचे जिवाणू असतात याची तिने उभ्या उभ्या यादी म्हटली आणि शेवटी म्हणाली, “उकळायच्या आधी फुंकलंत म्हणून वाचलात, बाबा. नंतर असं केलंत तर सगळं ओतून द्यावं लागेल.” शेवटी बायकोने कालथ्याने वरचा थर हलकेच मोकळा केला, फोलपटं मिसळली, दहा मिनिटं थांबली आणि नळ उघडला. धार लागली. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा नाना वहीत जास्त लिहितात.

उकळण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शेगडीची आठवण अजून ताजी आहे. तासभर उकळायचं, सुरुवातीलाच वीस ग्रॅम हॉप्स टाकायचे, आणि पहिली उकळी येताना तिथून हलायचं नाही. मी फोन घ्यायला हललो.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला सोवळ्याखेरीज दुसरा शब्द नाही. उकळलेला रस एकदा थंड झाला की त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी: बादली, झाकण, नळी, चमचा, कात्री, थर्मामीटर. शिवाय आधी घासून स्वच्छ आणि मग निर्जंतुक, अशा दोन वेगळ्या पायऱ्या. मळक्या भांड्यावर औषध मारून उपयोग नसतो. कन्या दारात उभी राहून शिवाशिव सांभाळत होती. “आजोबा, चष्मा पुसलात त्या हाताने झाकणाला शिवू नका!” नाना मुकाट्याने दोन पावलं मागे सरले. मला मात्र प्लास्टिकच्या बादलीला घासणीने घासल्याबद्दल वेगळी बोलणी बसली. ओरखड्यांत जिवाणू घर करतात म्हणे. संध्याकाळी पाचला वीस लिटर रस बादलीत गेला, त्यावर यीस्ट गेलं, झाकणात एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप, बसला. मी सात वाजेपर्यंत भांडी घासत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉकने पहिला “बुडुक” केला. आम्ही चौघं त्या बादलीभोवती उभे राहून पुढच्या बुडुकची वाट बघत होतो. मुलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही एवढी गर्दी नव्हती. नाना घड्याळ लावून मिनिटाला बुडुक मोजायचे. त्या रात्री गारठा होता. त्यांनी कोणाला न सांगता आपली जुनी शाल बादलीभोवती गुंडाळली आणि वहीत नोंद केली: ‘पांघरूण घातले.’ या नोंदीकडे आपण परत येऊ.

सहाव्या दिवशी फेस ओसरला आणि रास्पबेरी घालायची वेळ झाली. फळ गोठवलेलं असणं चांगलं. बर्फामुळे त्याच्या पेशी फुटतात आणि रस सुटतो. जिवाणू मात्र गोठून मरत नाहीत, म्हणून कन्येने फळ आधी गरम केलं, पण उकळू दिलं नाही. उकळलं तर फळातलं पेक्टिन, म्हणजे ज्याने जॅम घट्ट होतो ते द्रव्य, सुटून बिअर गढूळ होते. गव्हाची बिअर मुळातच गढूळ असते, हे मी सांगून पाहिलं. शास्त्रापुढे माझं चाललं नाही.

तेवीस लिटरची बादली. त्यात वीस लिटर बिअर. वर दोन किलो फळ. हा हिशेब नाना घरात असताना कोणी तपासला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

फळातली साखर मिळताच पेंगायला आलेलं यीस्ट खडबडून उठलं. वायू सुटला. वायूने फळाचा चोथा वर उचलला. रास्पबेरीच्या एका फळात शंभरेक बिया असतात. एअरलॉकचं भोक बुजायला त्यातल्या मोजक्या पुरल्या. बुडुक थांबलं. रात्री झोपताना बायको म्हणाली, “आज शांत आहे, नाही?” मी म्हणालो, “संपलं असेल काम.”

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी धमाका झाला.

नाना “चोर!” म्हणून उठले, बायको “गॅस!” म्हणून. मी दिवा लावला. बादलीचं झाकण कपाटाखाली गेलं होतं. छतावर बरोबर बादलीच्या वर ताटाएवढा लालभडक डाग होता. त्याच्या कडेने शिंतोडे उडाले होते आणि डागाच्या मध्यातून एक अर्धी रास्पबेरी, काय करावं ते न सुचल्यासारखी, लोंबत होती. आम्ही चौघं तिच्याकडे बघत राहिलो. ती टपकन नानांच्या टकलावर पडली. त्यांनी बोटाने पुसून चाटून पाहिली. “आंबट आहे,” ते म्हणाले.

कन्येचं डोकं अशा वेळी थंड असतं. आतून वायू बाहेर येतोय तोवर बाहेरची घाण आत शिरायला वाव कमी, असं म्हणत तिने झाकण धुतलं, निर्जंतुक केलं आणि एअरलॉकच्या जागी बोटाएवढी जाड नळी बसवून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. ही नळी पहिल्यापासून लावायची असते. बायकोने मला स्टूल आणि फडकं आणून दिलं. पहाटे चारला, मान वर करून, छतातल्या बिया एकेक टिपताना माणसाला आपल्या छंदाविषयी निवांत विचार करता येतो.

बिअर मात्र वाचली. सुरुवातीला हायड्रोमीटरवर, म्हणजे रसाचा दाटपणा मोजायच्या नळीवर, 1.048 होतं, ते 1.010 वर येऊन तीन दिवस स्थिर राहिलं, म्हणजे मद्य साधारण पाच टक्के. फळातल्या साखरेची भर यात धरायची का, यावर नाना आणि कन्या यांचं एक अख्खं जेवण गेलं.

मग बाटल्या. गेले तीन महिने मित्रांकडून, नातलगांकडून मी तपकिरी बाटल्या गोळा करत होतो. तपकिरीच हव्यात, कारण उजेड लागला की हॉप्समुळे बिअरला घाण वास येतो. प्रत्येकीचं लेबल सोड्याच्या पाण्यात भिजवून खरवडायचं. काही कंपन्या लेबल कशाने चिकटवतात ते त्यांनाच ठाऊक. तो डिंक माणसांच्या नात्यांना वापरायला हवा होता. एका बाटलीत कोणीतरी विझवलेली सिगारेट टाकली होती. ती बाटली कोणाकडून आली, हे मला माहीत आहे आणि मी विसरणार नाही.

बाटलीत वायू धरायला थोडी साखर घालतात, लिटरला सात ग्रॅमच्या आसपास. दुप्पट पडली तर बाटली फुटू शकते. आमच्या घरात भाजीत दोनदा मीठ पडण्याची परंपरा आहे, त्यामुळे नानांनी रजिस्टर केलं. साखर घालणाऱ्याने सही करायची, बघणाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करायची. छताचा डाग डोक्यावर असल्याने कोणी हसलं नाही. तेहेतीस बाटल्या भरल्या. एक मुद्दाम प्लास्टिकची भरली. ती बोटांनी दाबून टणक लागली की बाकीच्यांतही वायू झाला असं समजायचं. हे काम बायकोने आपणहून घेतलं. पंधरा दिवस ती सकाळी उठून आधी ती बाटली दाबायची आणि मग चहा ठेवायची. ज्या बाईला बिअर नको होती, ती सोळाव्या दिवशी मला हलवून उठवत म्हणाली, “अहो, दगड झालीय!”

संध्याकाळी चार पेले मांडले. रंग सुरेख, गुलाबी. वर दोन बोटं पांढरा फेस. मी पेला नाकाशी नेला.

केळं.

दोन किलो रास्पबेरी, छताचा बळी, आणि वास केळ्याचा. कन्या खुलवून सांगायला लागली की गव्हाच्या बिअरचं यीस्टच केळ्याच्या वासाचं द्रव्य तयार करतं, आयसोअमाइल ॲसिटेट त्याचं नाव, आणि ऊब जास्त मिळाली तर ते जास्तच... इथे ती थांबली. तिने नानांची वही उघडली. ‘पांघरूण घातले.’ नाना खिडकीबाहेर बघू लागले.

चवीला कोरडी, आंबूस, घोटाच्या शेवटी कुठेतरी रास्पबेरी. गोडवा मुळीच नाही. फळातली साखर यीस्टने शेवटच्या कणापर्यंत खाल्ली होती आणि आमच्यासाठी आंबटपणा व बिया ठेवल्या होत्या. “बरी आहे,” बायको म्हणाली, आणि पेला पुढे केला. जन्मात दारूला न शिवलेल्या नानांनी तीर्थासारखी तळहातावर घेतली आणि परत एकदा घेतली. त्याची नोंद वहीत नाही, मी पाहिलंय.

तेहेतीस बाटल्या दोन शनिवारांत संपल्या. आलेल्या प्रत्येकाने विचारलं, “केळं घातलंय का?” आणि प्रत्येकाने मान वर करून छताकडे बघितलं.

काल रात्री मी सिंकशी उभा राहून त्या रिकाम्या बाटल्या धूत होतो. तळाशी बसलेलं यीस्ट वाळलं की दगडासारखं होतं. लगेच विसळायला हवं होतं, पण पाहुणे होते. एकविसाव्या बाटलीवर बायको फ्रीजमधून डोकं बाहेर काढून म्हणाली, “हे पीच फार पिकलेत हो. टाकू का?”

“कशात?” आम्ही तिघं एकदम म्हणालो.